दाराजवळचा बाक

१२ ऑगस्ट

धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझ्या नावावर नव्हतं, रेक्टर साहेबांच्या नावावर होतं, पण त्यांनी मला ऑफिसात बोलावून वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुमच्या भावाचं अक्षर मात्र मोत्यासारखं आहे." मी म्हटलं, "हो, अक्षराला नाव ठेवायला कधीच जागा नव्हती." एवढं बोलून मी माझ्या कपड्यांच्या खोलीत परत आले. धुऊन आलेल्या चादरींचा डोंगर पडला होता, तो उपसून आता लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं येईल, सांभाळून घे. माझं शिक्षण चॅपलच्या मागच्या बाकावर झालेलं. गीतं आधी ऐकून पाठ झाली, मग पुस्तक उघडून बघितलं तर अक्षरं आपणहून ओळख द्यायला लागली.

तुझा प्रश्न असा, की गेल्या वर्षी पहिल्या बाकावर बसणारा तुझा मुलगा यंदा मधल्या बाकावर कसा आला.

चॅपलमध्ये अजून तुझ्या वेळचीच रीत आहे. दर महिन्याची चाचणी झाली की वर्गशिक्षक जागा वाचून दाखवतात. पहिला येणारा वेदीसमोरच्या बाकावर, आणि तिथून उतरत उतरत दारापर्यंत. दाराजवळच्या बाकाचा अर्धा भाग पोरांचा आणि अर्धा आम्हा नोकरमाणसांचा, तोही तसाच आहे. मी, आचारी आणि माळी. आचारी प्रवचनाला झोपतो आणि 'आमेन'ला बरोबर जागा होतो. हे त्याला कसं जमतं ते त्यालाच ठाऊक.

तर पोरगं मधे आलं आहे. होतं असं. वय वाढीचं आहे, पँट दर दोन महिन्यांनी आखूड होते आहे, सगळं बळ हाडांत जात असेल. मी आचाऱ्याला सांगून त्याला रात्रीचं दूध सुरू केलं आहे. त्याच्या डोक्यामागे केसांचा झुबका उभा राहतो ना, तेल लावा, पाणी लावा, बसायचं नाव घेत नाही, म्हणून सगळं बोर्डिंग त्याला तुरा म्हणतं. तुझ्याही डोक्यावर तो होता. तू टोपीखाली लपवायचास.

तब्येत चांगली आहे. रडत वगैरे नाही. उशीचे अभ्रे माझ्याच हातून जातात, म्हणून सांगते.

तू म्हणाला होतास, "तू शाळेत कपडे मोज, मुलाचं मी बघतो." तुझ्या बायकोला माती देऊन आलो होतो, तेव्हा माणूस काहीही बोलतो. मी ते धरून बसलेले नाही. पोराला बोर्डिंगात टाकू नकोस एवढंच मी म्हटलं होतं, आणि तू टाकलंस तेही नेमकं माझ्याच शाळेत. याचा अर्थ मी माझ्या परीने लावला आहे. तुला विचारत नाही.

ताई

१० सप्टेंबर

धाकट्यास आशीर्वाद.

उत्तर आलं नाही, येईल असंही वाटलं नव्हतं. पण तुझा हुकूम आला, रेक्टर साहेबांमार्फत. मुलगा आणखी घसरला म्हणून रोज शाळा सुटल्यावर त्याला खेळाला न सोडता आत्याच्या नजरेखाली कपड्यांच्या खोलीत अभ्यासाला बसवावं, ही शिक्षा.

शिक्षा चालू आहे. मोज्यांच्या टोपलीशेजारी त्याला स्टूल दिलं आहे. मी रफू करते, तो पुस्तक उघडतो. मधेच विचारतो, "आत्या, हा मोजा कुणाचा?" मी पट्टीवरचा नंबर सांगते. "याला भोक पडतं कसं, टाचेतच?" मी म्हणते, "टाच घासतो तो. पाय ओढत चालणारा दिसतोय." मग तो डोळे मिटून नुसत्या मोज्यांवरून मुलं ओळखायचा खेळ खेळतो आणि हसतो. शिक्षा झालेला मुलगा इतका हसू नये, हे मला कळतं. पण हसतंय ते पोर, त्याला गप्प कोण करणार?

वर्गशिक्षक येऊन गेले. सरळ माणूस. म्हणाले, "बाई, मला याचं गणितच कळत नाही. तोंडी विचारलं की धडाधड सांगतो, आणि पेपरात शून्य."

मी म्हटलं, "सर, गणित तुम्हीच शिकवता. तुम्हाला कळत नाही तर मी काय सांगू?"

ते हसले नाहीत. त्यांनी तुझ्या पत्राची दुसरी बाजू सांगितली, जी रेक्टर साहेबांनी मला वाचून दाखवली नव्हती. वार्षिक परीक्षेनंतर मुलगा पहिल्या बाकावर नसेल, तर तू त्याचं नाव इथून काढणार आणि त्या दूरच्या शिस्तीच्या शाळेत घालणार, जिथे पत्रसुद्धा उघडून वाचून मग मुलांच्या हातात देतात.

त्या दिवशी मी दोन शर्टांना उलट्या बाजूने बटणं लावली. नंतर उसवावी लागली.

धाकट्या, मी आता दमते रे. पूर्वी या खोलीत सगळ्या बोर्डिंगचे कपडे एकटी लावायचे आणि वर गुणगुणायचेही. आता शिडी चढून वरच्या फळीवर चादर टाकली की खाली उतरायचा कंटाळा येतो. पण हे पोर स्टुलावर बसलेलं असलं की उतरावंसं वाटतं. हे तुला सांगितलं नसतं, पण तू त्याचं नाव काढायला निघाला आहेस, तेव्हा सांगून ठेवते.

ताई

२ ऑक्टोबर

धाकट्यास आशीर्वाद.

तुझा मुलगा शेवटच्या बाकावर आला. माझ्या शेजारी.

जागा वाचून झाल्या तेव्हा सगळ्या चॅपलच्या माना मागे वळल्या. हा मात्र मधल्या वाटेने असा चालत आला जसा नवरदेव बोहल्याकडे. शेवटच्या नंबराच्या मुलाला पलीकडे सरकवून मला खेटून बसला. आचाऱ्याने डोळे किलकिले करून विचारलं, "काय रे तुऱ्या, इकडे कुठे? वाट चुकलास?"

"नाही काका," म्हणाला, "पोचलो."

गीताचं पुस्तक आम्हा दोघांत एकच. मी ओळ हळू वाचते म्हणून तो बोट फिरवतो, मी बोटामागून गाते. प्रवचन सुरू झालं तसं त्याने डोकं माझ्या खांद्याला टेकलं. माझा तो खांदा हल्ली जरा कुरकुरतो, पण हलवला नाही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कळलं ते परवा. मी फडताळामागे ब्लँकेटांच्या घड्या घालत होते आणि बाहेर स्टुलावर तुरा आणि भोपळा बसले होते. भोपळा म्हणजे त्याच्या वर्गातला सगळ्यात थोराड मुलगा, गेली दोन वर्षं शेवटचा बाक धरून बसलेला. तुरा त्याला हौदाचं गणित समजावत होता, दोन नळ भरतात आणि एक रिकामा करतो ते.

भोपळा म्हणाला, "तुला एवढं येतंय तर पेपरात का नाही आलं?"

"आलं होतं."

"मग?"

"लिहिलं नाही. हे बघ, आता माझ्या मागे फक्त तूच आहेस. या महिन्यात तू पास झालास की मी एकदम कडेला. आत्याच्या शेजारची जागा मग कायमची माझी, कुणाला सरकायला सांगावं लागणार नाही."

"म्हणजे मला शिकवतोयस ते मला पुढे ढकलायला होय रे?"

"तुला पुढे जायचंय ना?"

"घरचे खूश होतील," भोपळा म्हणाला.

"मग झालं तर. चल, नळ उघड."

मी ब्लँकेट तोंडावर धरून तिथेच उभी राहिले. हसू येत होतं का रडू, ते मलाच सांगता येत नव्हतं.

धाकट्या, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपली गत झाली आहे. तो घसरला म्हणून मी दूध दिलं, तू त्याला माझ्या खोलीत बसवलंस, वर्गशिक्षकांनी मागे येऊन पाठीवर हात ठेवला. जितका खाली उतरला तितकी माणसं जवळ आली. गेल्या वर्षी तो पहिला आला होता तेव्हा काय झालं, आठव. सुट्टीत बाबा न्यायला येतील म्हणून पोरगं जीव तोडून धावलं. ट्रंक भरून दारात बसलं होतं. तुझ्याऐवजी खाऊचा डबा आला. सुट्टीभर तो इथेच माझ्याबरोबर कपड्यांना नंबराच्या पट्ट्या शिवत होता. तेव्हाच त्याने हिशेब मांडला असणार, पहिल्या बाकाशेजारी कुणी नसतं म्हणून.

हे मी रेक्टर साहेबांना सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण तू बाप आहेस. त्याला रागावू नकोस. एकदा येऊन भेट, एवढंच कर.

ताई

२३ ऑक्टोबर

धाकट्या,

म्हणजे माझी पत्रं तू वाचतोस. आतापर्यंत खात्री नव्हती.

मी विश्वासाने लिहिलं आणि तू त्याचा नियम केलास. मुलाला कपड्यांच्या खोलीत यायला मनाई. मुलगा शेवटच्या बाकावर असेल तोवर आत्याने त्या बाकावर बसायचं नाही. रेक्टर साहेबांनी वाचून दाखवताना तीनदा चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, वडिलांची इच्छा आहे, मी काय करू?" मी म्हटलं, "तुम्ही काही करू नका. वडील माझ्याच हाताखाली मोठे झालेले आहेत. त्यांचे हट्ट मला नवीन नाहीत."

दोन रविवार मी बाहेर व्हरांड्यात बसले. आतून गीत ऐकू येत होतं. पोराने मनाईच्या तिसऱ्या दिवसापासून जेवणातलं अर्धं टाकायला सुरुवात केली आहे, आचाऱ्याने येऊन सांगितलं. आचारी तुझ्यावर भडकला आहे. काय म्हणाला ते लिहीत नाही, आशीर्वादाच्या कागदावर बरं दिसत नाही.

मी तुझ्याशी भांडणार नाही. भांडायला अंगात बळ लागतं, ते मी दुसऱ्या कामासाठी ठेवलं आहे.

चॅपलचा ऑर्गन तुझ्या लक्षात असेल. वेदीच्या डाव्या हाताला, पहिल्या बाकाला लागून. त्यात हवा भरायचा भाता बाजूच्या दांड्याने, हाताने मारावा लागतो, अजूनही. भाता मारणारा म्हातारा पहारेकरी गुडघ्यांनी बसला, लेकाकडे गेला. आठवडाभर गीतं ऑर्गनशिवाय चालली होती, म्हणजे चालली नव्हतीच. मी ऑर्गनमास्तरांकडे गेले. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं.

"भाता मी मारते."

"तुम्ही? अहो बाई, ते लोहाराचं काम आहे."

"मग मी घण मागितला का? भाताच मागितला ना?"

त्यांनी माझ्याकडे खालून वर बघितलं. "दम टिकेल?"

"बघू," म्हटलं. "सूर तुमचा टिकला की झालं."

तुझ्या पत्रात कपड्यांच्या खोलीला मनाई आहे आणि शेवटच्या बाकाला आहे. ऑर्गनबद्दल काही लिहिलेलं नाही. मी रेक्टर साहेबांकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना ते मिशीत हसत होते.

ताई

१७ डिसेंबर

धाकट्यास आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, हात फार वेळ टेबलावर ठेवता येत नाही. गारठ्यामुळे असेल.

पहिल्या रविवारी मी ऑर्गनशेजारी जाऊन उभी राहिले तेव्हा सगळी पोरं हसली. हसू दे. मी दांडा खाली ओढला, ऑर्गनने दमेकऱ्यासारखा श्वास घेतला आणि गीत सुरू झालं. मी मान उचलून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. पोरांच्या अर्ध्यात तुरा एकटा बसला होता. भोपळा बाकावरून पुढे गेला होता ना, तुझ्या मुलाच्या शिकवणीने. तुरा माझ्याकडे बघत होता. मग त्याने आपल्या आणि माझ्या मधले बाक एकेक करून पाहिले, जसं आपण जिन्याच्या पायऱ्या पाहतो. गीत चालू असताना तोंडाने बोलता येत नव्हतं. नुसतं बघितलं मी.

प्रार्थना सुटल्यावर पोरं रांगेने बाहेर पडतात, तेव्हा दारात त्याने मला गाठलं.

"आत्या, तू मुद्दाम गेलीस ना तिकडे?"

"भाता मारायला माणूस नव्हतं."

"मला माहितीये मुद्दाम गेलीस."

"तू मुद्दाम मागे आलास, मी मुद्दाम पुढे गेले. आपल्या घरात सरळ कुणीच नाही."

तो चिडला होता. चार दिवस नमस्कारसुद्धा नाही केला. पण जेवण संपवायला लागला. नोव्हेंबरच्या चाचणीनंतर मधल्या बाकावर आला आणि परवा दुसऱ्या बाकावर. वर्गशिक्षक चक्रावून गेले आहेत. म्हणाले, "बाई, तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, "वारा घातला."

तुझ्या जुन्या टोपीएवढी टोपी विणली आहे त्याच्यासाठी. तुरा बाहेरच राहील अशी, मधे भोक ठेवून. त्यानेच तशी मागितली.

ताई

९ मार्च

धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी तार आली. रेक्टर साहेबांनी सूचनाफलकावर लावली आहे. मुलगा वार्षिक परीक्षेत पहिला आला, तुला अभिमान वाटतो, आणि शिस्तीचा परिणाम शेवटी दिसतोच. लावली तर लावली. कुणाच्या आनंदावर विरजण कशाला घाला.

पण तू बाप आहेस म्हणून खरं काय ते तुला ठाऊक असावं. तो तुझ्या धाकाने पहिला आला नाही. ऑर्गनचा भाता पहिल्या बाकाशेजारी आहे म्हणून आला. भाता वेदीमागे असता तर पोरगं कदाचित पाळक झालं असतं.

आता पुढची अडचण. माझा खांदा गेला. थंडीपासून जास्तच दुखत होता, तुला नीट लिहिलं नाही, कारण लिहून तो बरा होणार नव्हता. गेल्या आठवड्यात गीताच्या मधेच दांडा हातातून सुटला आणि ऑर्गनने असा आवाज काढला, की ऑर्गनमास्तरांनासुद्धा ऐकू आला. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आहे, लिहिण्यापुरता सोडला आहे. भाता मारायला माळ्याचा भाचा ठेवला. मी परत दाराजवळच्या बाकावर. तुझी मनाई मुलगा तिथे असेल तोवरची होती, म्हणून विचारलं नाही.

म्हणजे तो पुढे आणि मी मागे. मला भीती वाटली की पोर पुन्हा घसरत येईल, आणि या खेपेला तू त्याला खरंच नेशील. म्हणून त्याला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "तुऱ्या, मला आता पुढे येता येणार नाही. तूही मागे यायचं नाही. माणसांनी एकमेकांसाठी जागा सोडत राहिलं तर कुणीच कुठे बसणार नाही."

"मग मी एकटाच?"

"मान आहे ना तुला? वळव. मी दारातच आहे. कधीही बघ."

पहिल्या रविवारी त्याने पाळकांच्या प्रत्येक वाक्याला मागे वळून बघितलं. पाळकांना वाटलं दारातून कुणी मोठा पाहुणा येतो आहे, तेही बघायला लागले. आता कमी झालं आहे. गीताच्या आधी एकदा वळतो, मी बांधलेल्या हाताची बोटं हलवते, मग तो पुस्तक उघडतो. तुरा इथून छान दिसतो.

परवा मला विचारलं, "आत्या, बाबा पहिल्या बाकावर बसायचे ना?" तुझं नाव आहेच तिथल्या पहिल्या आलेल्यांच्या फळीवर सोनेरी अक्षरांत, रोज बघतो तो.

"हो. सगळी वर्षं."

"आणि तू इथे मागे?"

"इथेच."

"मग बाबा पण मागे वळून बघायचे?"

धाकट्या, तुला आठवतं ते मलाही आठवतं. बक्षिसांच्या दिवशी मी मागून हात केला होता, आणि शेजारच्या मुलाच्या आईने तुला विचारलं होतं, ती कोण. "कपडेवाली बाई," म्हणालास. खोटं नव्हतं ते. तू लहान होतास, पहिल्या बाकावर होतास, मान अवघडत असेल. मी तेव्हाही रागावले नव्हते, फक्त त्यानंतर हात करायचं सोडलं.

मी त्याला म्हटलं, "हो तर. सारखे बघायचे."

त्याला इतका आनंद झाला, की पुढे काही विचारलंच नाही. देवाच्या दारात बसून खोटं बोलले. माझ्या वयाला एवढं चालतं, पण ओझं आहेच, आणि खांदा एकच उरला आहे.

बक्षीस समारंभ या महिनाअखेरीला आहे. पहिल्या आलेल्या मुलांच्या वडिलांसाठी वेदीजवळ खुर्च्या मांडतात, कापड टाकून. कापडं मीच इस्त्री करते, म्हणून सांगते, दिसायला छान असतात, बसायला घसरडी. तू ये, पण तिथे बसू नकोस. दाराजवळच्या बाकावर आचारी आणि मी मिळून जागा धरून ठेवतो. तुला बघून तो काही बोलणार नाही, मी त्याला सांगितलं आहे. झोपेचं सोंग घेईल.

गीताच्या आधी तुझा मुलगा वळेल. तेव्हा तू तिथे असलास, तर मी बोलले ते निम्मं तरी खरं होईल. उरलेलं निम्मं तू त्याला स्वतःच्या तोंडाने सांग. जे होतं तेच सांग, चालेल. ऐकून घेईल तो. आपल्यापेक्षा शहाणा आहे.

टोपी घालून येऊ नकोस.

ताई